जोतीराम मास्तरांची माती

मंगळवार, ९ जानेवारी १९९६

बारामतीला मुलींच्या वसतिगृहात नोकरीला आहे, तिथून रजा काढून आज दुपारी घरी आले. बारामतीच्या डॉक्टरांनी संभाजीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाबांना आता घरीच ठेवा, मागतील ते खायला द्या. संभाजी माझा धाकटा भाऊ, पिंपरीला कंपनीत आहे. त्याला रजा मिळत नाही, आणि माझ्या लग्नाची गोष्ट आता कोणी काढतही नाही, तेव्हा बाबांजवळ राहायचं ते मीच. तक्रार नाही. धास्ती आहे. माणूस जाताना मी कधी जवळ बसलेली नाही.

निमगाव केतकीला एस.टी.तून उतरून वाडीपर्यंत चालत आले. वाटेत प्रत्येकानं विचारलं, मास्तर कसे हाईत? बाबा चर्चचे पाळक नाहीत, त्यांना दीक्षा नाही. पाळकसाहेब महिन्यातून एकदा बारामतीहून येतात. बाकीचे रविवार, बारशी, लग्नं, मयती, भांडणं, सगळं आजवर बाबांनीच पाहिलं. आमची ख्रिस्ती मंडळी त्यांना मास्तर म्हणतात आणि मंडळीबाहेरचं गावही मास्तरच म्हणतं.

बाजेवर इतकेसे होऊन पडले होते. मला बघितल्यावर बरी आहेस का, कशी आलीस, काही नाही. म्हणाले, "रविवारचा बायबलचा पाठ तू वाच. माझे डोळे गेलेत."

संध्याकाळी उशाशी ठेवलेलं वर्तमानपत्र त्यांनी स्वतःच पार शेवटच्या पानापर्यंत वाचलं. आजारी माणसाचं असंच असायचं.

रविवार, १४ जानेवारी

पाठ वाचला. पत्र्याच्या त्या एवढ्याशा चर्चमध्ये माझा आवाज मलाच परका वाटत होता. बाबांना खुर्चीत घालून चौघांनी आणलं होतं. घरी आल्यावर शाबासकी द्यायची सोडून म्हणाले, वाक्य संपताना तुझा आवाज खाली बसतो, मागच्या बायांना ऐकू येत नाही. आल्या दिवसापासून रोज मला मोठ्यानं वाचायला लावतच होते. शिवाय प्रार्थना कशी करायची, घरात दुःख झालेलं असताना आधी किती वेळ गप्प बसायचं, हेही सांगत बसले. बहुधा त्यांना गप्पांना कोणीतरी हवं असतं.

संक्रांत होती म्हणून दुपारी तिळगूळ घेऊन गावातल्या बायका आल्या. म्हाळसाबाई आल्या, त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता मुलं शेती करतात. बाबांसमोर त्यांनी तोंड उघडून मागची रिकामी जागा दाखवली. हा दात बाबांनी काढलेला. कुण्या जुन्या मिशनरी डॉक्टरनं दिलेली पक्कड बाबांजवळ आहे, आणि अर्ध्या गावाचे दात तिनं उपटलेले आहेत. म्हाळसाबाई म्हणाल्या की दात काढताना मास्तर असं काही गाणं म्हणायचे, की माणूस ऐकत राहायचा आणि दात हातात यायचा. बाबा हसले. हसल्यावर पोट दुखलं.

बुधवार, १७ जानेवारी

आज बाबांनी स्वतःच विषय काढला. त्यांना ओढ्याकडेला, आईच्या शेजारी जागा हवी.

आमचं कब्रस्तान म्हणजे ओढ्याच्या काठचा एक तुकडा. आई गेली तेव्हा तिथं जायला बांधावरून वाट होती. पुढं पाटाचं पाणी आलं, हिंदुराव पाटलांनी रान सपाट करून ऊस लावला आणि वाट उसात गेली. आता तो तुकडा उसाच्या मधोमध बेटासारखा आहे. कारखान्याची तोड येऊन ऊस गेला की महिनाभर जाता येतं, मग पुन्हा बंद. मधल्या वर्षांत मंडळीतली दोन माणसं गेली, दोघांनाही बारामतीला न्यावं लागलं.

यंदा तोड उशिरा आहे. बाबा म्हणाले, "टोळी आली की मला सांग. मग मी निघतो." आणि माझं तोंड बघून स्वतःच हसले.

द्वारकाबाई बसल्या होत्या. मंडळीतल्या सगळ्यात जुन्या, आई गेल्यापासून घराकडे त्यांचंच लक्ष. त्या म्हणाल्या, मी जाते पाटलाकडं, वाटंपुरता ऊस काढ म्हणते. बाबांचा चेहरा एकदम कडक झाला.

"त्याच्या दारात कुनी जायाचं न्हाय. मी एकदा जाऊन आलोय."

बाबांचा सोशिकपणा हा असा. इतक्या वर्षांत हिंदुरावांबद्दल वाईट शब्द काढला नाही. त्यांच्याशी बोललेही नाहीत.

सोमवार, २२ जानेवारी

चार दिवस काही लिहिलं नाही. वेदना फार आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी थोडा वेळ डोळा लागतो, मग पुन्हा कण्हणं सुरू. आज त्यांना कुशीवर वळवताना माझ्या मनात आलं, देवा, आता सोडव. हे मी त्यांच्यासाठी म्हणाले की माझ्यासाठी, सांगता येणार नाही. ऊस अजून उभाच आहे.

बुधवार, २४ जानेवारी

बाबा सकाळी गेले. उन्हं अंगणात आली होती. मी चमच्यानं पाणी देत होते, एक घोट गेला, दुसरा ओठांवरच राहिला. काही झटापट नाही. चेहऱ्यावरची ती आवळलेली रेघ, जी मी आल्यापासून होती, ती पुसली गेली. द्वारकाबाईंनी डोळे मिटवले.

मला रडू आलं नाही. मला हलकं वाटलं. ते आता कण्हणार नाहीत, हे एवढंच मनात फिरत होतं, आणि मी चूल पेटवून सगळ्यांसाठी चहा ठेवला. बायका मला धरून रडत होत्या आणि मी साखर कुठं ठेवलीय ते सांगत होते. हे इथं लिहिते, कारण दुसरीकडे सांगायला जागा नाही.

दुपारी संभाजी टेंपो घेऊन आला. बाबांच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडला. मग डोळे पुसून म्हणाला, बाबांना पिंपरीला न्यायचं. तिथं मोठं कब्रस्तान आहे, नावाचा दगड बसवता येईल, चार पाळक येतील. अंगणातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कोणीतरी ओढ्याचं नाव काढलं तसा तो चिडला. म्हणाला, बापाच्या खड्ड्यासाठी मी पाटलापुढं हात पसरणार नाही. त्यांनी आयुष्यात पसरला नाही, मी का पसरू?

त्याचं चुकलं असंही वाटेना. पण अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. पिंपरीला टेंपोतून किती जण जाणार? बाबा ज्यांचे होते ती सगळी इथंच राहणार होती. आणि आई एकटी त्या उसात.

मी चप्पल घातली. कोणाला काही बोलले नाही. बाबांनी नको म्हटलं होतं हे आठवत होतं, पण बाबा आता रागावणार नव्हते. पाटलांच्या वस्तीपर्यंत मनात वाक्यं जुळवत गेले. कायदा काढायचा, की माणुसकी काढायची, की आईचं नाव घ्यायचं? ते नाही म्हणाले तर काय बोलायचं, तेही ठरवलं होतं.

हिंदुराव ओसरीवर बसले होते. त्यांच्या आई बानूबाई आत भिंतीला टेकून. मला बघून हिंदुराव उभे राहिले. ते उभे राहतील असं मी धरलं नव्हतं, त्यामुळे जुळवलेलं सगळं विसरले.

म्हटलं, "बाबा गेले. त्यांना आईशेजारी ठेवायचंय. वाटेपुरता ऊस काढू द्याल का?"

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं संपलं. मग म्हणाले, "कळलं सकाळीच. येनारच व्हतो. पर घरात घेतील का न्हाय, ह्येचा इचार करत बसलो."

मग हळूहळू सगळं निघालं. ऊस लावला त्या वर्षी बाबा आले होते. रागात होते. हिंदुरावही रागात होते, त्यांनी रान माझं आहे एवढंच म्हटलं. बाबा पाठ फिरवून गेले. हिंदुरावांना वाटलं, चार दिवसांनी मास्तर पुन्हा येतील, मग सोडू वाट. बाबा आले नाहीत. मग त्यांनाही स्वतःहून जाणं जमेना.

"वर्सामागनं वर्सं गेली, बाई. मास्तर रस्त्यानं समोरनं आले की मी खाली बघायचा. तुमच्यातल्या कुनी एकानं येऊन इचारलं असतं तर म्या कवाच दिली असती वाट. कुनी इचारलंच न्हाय."

"आज विचारते," मी म्हणाले.

आतून बानूबाईंचा आवाज आला, "आता बसून काय ऱ्हायलास? पोरीला पानी दे आन् ऊठ."

त्यांनी मुलाला, युवराजला, कोयते काढायला सांगितलं. मी म्हटलं, तोड आली नाही, ऊस वाया जाईल. ते म्हणाले, जनावरं खातील, कारखान्याला राहिलेला जाईल. एवढ्यावर विषय संपला. माझी सगळी तयारी फुकट गेली. परत निघाले. वाटेत बाभळीखाली बसून घेतलं, आणि तिथं मग रडू आलं. बाबांसाठी आलं की इतकं सोपं निघालं म्हणून आलं, कोण जाणे.

संभाजीला सांगितलं. जरा वेळानं तो उठून टेंपोवाल्याला म्हणाला, तू जा परत.

गुरुवार, २५ जानेवारी

सकाळपासून ऊसतोड. आमच्यातले, पाटलांच्या भावकीतले, म्हाळसाबाईंचे मुलगे, सगळे एका रांगेत. संभाजीनंही शर्ट काढून कोयता घेतला. कंपनीतल्या हातांना थोड्याच वेळात फोड आले. हिंदुराव त्याच्या शेजारच्या सरीत होते. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकाचा हात थांबला की दुसरा त्याची सरी पुढं काढत होता.

मधला तुकडा दिसला तेव्हा मी पुढं गेले. मनात भीती होती की कबरींवर ऊस आला असेल. आला नव्हता. गवत होतं, पण कडेनं दगडांची रांग नीट रचलेली होती, पडलेला दगड परत उभा केल्यासारखी. कोणी केलं असेल? आमच्यातलं तर तिकडं कोणी जात नव्हतं. आईचा दगड सरळ उभा होता.

दादासो सुतारांनी पेटी केली. ते आमच्या मंडळीतले नव्हेत. पेटी कशी असते ते आधी द्वारकाबाईंना विचारून घेतलं, आणि आतून रंधा मारून गुळगुळीत केली. कोणी बघणार नाही म्हटलं तर म्हणाले, मास्तरांच्या पाठीला लागायला नको.

दुपारी अडचण आली. पाळकसाहेबांचा पत्ता नाही. बारामतीहून सकाळीच निघाल्याचा निरोप होता. मग मोटारसायकलवरून एकानं खबर आणली की पलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झालीय आणि दोन्हीकडं गाड्यांची रांग आहे. वाट बघितली. माणसं वाढत होती. अंगणात, रस्त्यावर, कट्ट्यावर. म्हातारी माणसं एकमेकांना तोंड उघडून आपापल्या रिकाम्या जागा दाखवत होती, हा मास्तरांनी काढलेला, हा बी, आणि मयतीच्या घरात मधूनच हसण्याचा आवाज येत होता. मला तो आवाज आवडला.

उन्हं कलायला लागली तेव्हा द्वारकाबाई जवळ आल्या. "रतनबाय, आता तूच प्रार्थना म्हन."

मी म्हटलं, मला अधिकार नाही. बायका मयतीला असं पुढं होऊन म्हणत नाहीत. मी संभाजीकडं बघितलं, तो नाही म्हणेल म्हणून. त्यानं बाबांचं पवित्र शास्त्र उचललं आणि माझ्या हातात दिलं. बाकीचे सगळे माझ्याकडं असे बघत होते, जसं काही हे आधीच ठरलेलं होतं आणि मलाच सांगायचं राहिलं होतं. बहुधा थकले असावेत.

पेटी उचलली. तोडलेल्या उसाची खोडकी टोकदार असतात, पायात घुसतात. बघते तर बायकांनी सगळ्या वाटेवर उसाच्या वाळल्या पाल्याचं पाचट अंथरलं होतं, ओढ्यापर्यंत. बानूबाई स्वतः वाकून वाकून पाचट सारखं करत होत्या. पेटी त्याच्यावरून गेली आणि नुसती पाचटाची सळसळ ऐकू येत होती, दोन्ही बाजूंना उभा ऊस. खांदा देणारे बदलत होते. कोण आमच्यातला आणि कोण गावातला, मागून चालताना कळत नव्हतं.

वाचलं. प्रार्थना केली. काय बोलले ते सगळं आठवत नाही. आधी बराच वेळ गप्प राहिले, ते आठवतं. वाक्याच्या शेवटी आवाज धरून ठेवला. मागं उभ्या बायका मान हलवत होत्या, म्हणजे ऐकू जात होतं.

मूठमूठ माती टाकली. हिंदुराव उसाच्या कडेला उभे होते, पुढं येत नव्हते. सगळ्यांचं झाल्यावर मी त्यांच्याकडं बघितलं आणि थोडी बाजूला झाले. ते आले. माती टाकली. खड्ड्यात बघत राहिले आणि मग फावडं उचलून स्वतःच माती ओढायला लागले. संभाजीनं दुसरं फावडं घेतलं.

माती सारखी होत होती तेव्हा पाळकसाहेब धापा टाकत पाचटावरून आले. जीप सोडून चालत आले होते, बूट धुळीनं भरलेले. मी घाबरून त्यांना सगळं सांगितलं, की थांबलो होतो, उन्हं गेली, म्हणून मी. त्यांनी कबरीकडं बघितलं, माणसांकडं बघितलं. म्हणाले, "मग झालंच की नीट." आशीर्वाद दिला आणि पाणी मागितलं.

मी दिवसभर ज्या ज्या गोष्टीला भीत होते, त्यातली एकही झाली नाही.

शनिवार, २७ जानेवारी

काल दिवसभर झोपले. द्वारकाबाई दोनदा बघून गेल्या म्हणे, श्वास चालू आहे का. जाग आली ती भूक लागून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भाकरीला चव लागली.

संभाजी आज गेला. जाताना म्हणाला, पिंपरीला नेलं असतं तर मी फक्त माझंच समाधान केलं असतं. हाताचे फोड दाखवून हसला. लहानपणीसारखा हसला.

रविवार, २८ जानेवारी

मंडळी वेळेवर जमली. मी मागच्या रांगेत बसले होते. सगळे गप्प बसून राहिले. मला वाटलं पाळकसाहेब येणार असतील. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की ते पुढच्या महिन्याशिवाय येणार नाहीत, आणि कोणीच उठत नव्हतं. शेवटी उगाच लोकांचा खोळंबा नको म्हणून मी पुढं जाऊन पाठ वाचला. पाळकसाहेबांनी जाताना सांगितलं होतं की मास्तरांच्या जागी कोणीतरी बघू, घाई नाही. तोपर्यंत कोणी ना कोणी चालवायलाच हवं. मी बुधवारी बारामतीला परत जाणार आहे हे सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली.

उपासनेनंतर हिंदुराव दाराबाहेर उभे होते. ओढ्याकडची वाट आता बंद करणार नाही, तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला, खोडव्याला, पाणी द्यायच्या आधी दोन्हीकडं बांध घालतो, रुंदी किती ठेवू, असं विचारायला आले होते. हे खरं तर मंडळीला विचारायला हवं होतं. मी म्हटलं, चार माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी. ते बरं म्हणून गेले.

बुधवार, ३१ जानेवारी

पिशवी घेऊन निमगाव केतकीच्या स्टँडवर गेले. बारामतीची गाडी लागलेली होती. म्हाळसाबाई धावत आल्या. त्यांची सून रेश्मा दोन दिवस जेवली नव्हती, भिंतीकडं तोंड करून पडलेली, कोणाशी बोलत नाही. मुलगा घाबरलेला. "मास्तर असतं तर त्येंनाच हाक मारली असती," म्हणाल्या. "आता तुमी चला."

मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, "नुसतं बसा."

बसले. रेश्मा अगदी पोर आहे, वीसही नसेल. तिच्या पायथ्याशी बसून राहिले. काही विचारलं नाही. दुपार होत आली तेव्हा तिनं तोंड इकडं केलं आणि बोलायला लागली, माहेरचं, सासूचं, मूल होत नाही त्याचं. मी ऐकलं. सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. शेवटी तिनं पाणी मागितलं आणि मग अर्धी भाकरी खाल्ली. म्हाळसाबाईंनी माझे हात धरले. मी काहीच केलं नव्हतं, तसं सांगितलंही.

गाडी केव्हाच गेली होती. उद्या सकाळच्या गाडीनं जाते.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

काल गेले नाही. द्वारकाबाईंच्या नातीचं बारसं होतं, नाव ठेवायला मीच हवी म्हणून बसवून घेतलं. आज सकाळी दादासो सुतार भावाबरोबरचं बांधाचं भांडण घेऊन आले. दोघं अंगणात समोरासमोर बसले, मी मधे बसले, आणि दोघं चहा पिऊन एकत्रच बाहेर पडले. घर झाडून घेतलं. बाबांची बाज बाहेर उन्हात टाकली. मन शांत आहे, खरं तर बऱ्याच वर्षांत इतकं शांत नव्हतं.

बारामतीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ वसतिगृहासाठी निरोप दिला, सोमवारी येते म्हणून. कोणत्या सोमवारी, ते सांगायचं राहून गेलं.